आरोग्याच्या चार गोष्टी : गुडघ्यांचे राखणदार



अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं वाटतं आणि खाली आणखी एक पायरी निघते. उंची फूटभरही नसते, पण दणका थेट डोक्यापर्यंत जातो. तीच पायरी उजेडात उतरलो तर काहीच जाणवत नाही. पायरी तीच, हाडे तीच, वजनही तेवढेच. फरक असतो स्नायूंच्या तयारीत.

पाय जमिनीला लागायच्या क्षणभर आधीच मेंदू मांडीच्या व पोटरीच्या स्नायूंना सावध करतो. पाऊल टेकले की गुडघा जरासा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत भार धरून ठेवतो. गावी विहिरीत कळशी सोडताना आपण दोर एकदम सोडत नव्हतो, आवळत आवळत सोडायचो, अगदी तसंच. बालमित्रांनो, क्रिकेटमध्ये झेल घेताना तुम्ही हात मागे नेता ना? त्यामुळे चेंडूचा मार थोड्या जास्त वेळात वाटला जातो आणि हात झणझणत नाहीत. स्नायू हाडांसाठी हेच करतात.

हे काम लहान नाही. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट मार बसतो. साठ किलोच्या माणसाला म्हणजे १२० ते १८० किलो! सांध्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, असते अवघी काही मिलिमीटर जाडीची. स्नायू थकले की जास्त भार हाडांवर पडतो. लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांचे हे दुखणे १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी नोंदवले होते. हाडाला बारीक चीर गेलेली असते, हे पुढे क्ष-किरणांमुळे कळले.

ज्याच्या पायाला पोटरीच नाही, त्याने काय करावे? टोकियोमध्ये समुद्रात भराव घालून केलेल्या तोयोसु भागात डिसेंबर २०१६ मध्ये साठ मीटर धावपट्टीचे एक छोटे स्टेडियम उघडले. जागतिक स्पर्धेत ४०० मीटर अडथळा शर्यतीत दोनदा कांस्यपदक मिळवणारे दाई तामेसुए त्याचे प्रमुख होते. तिथेच धावण्याचे कृत्रिम पाय तयार करण्याची प्रयोगशाळा होती, आणि २०१७ मध्ये असे पाय वापरून पाहता येतील असे 'ग्रंथालय'ही सुरू झाले. पुस्तकांऐवजी पाय!

हा पाय म्हणजे कार्बनची वाकडी पट्टी. भार पडला की ती दबते आणि उसळून धावणाऱ्याला पुढे ढकलते. पण तिचा ताठपणा ठरलेला असतो. त्या माणसाचे वजन पाहून ती निवडावी लागते. तिला टाच नसल्यामुळे तिच्यावर स्वस्थ उभे राहणेही कठीण. आपली पोटरी मात्र वाळूत, दगडावर, जिन्यावर, दर पावलाला आपला ताठपणा बदलते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता आजी-आजोबांसाठी. "गुडघे दुखतात, म्हणून मी जपते, उठतच नाही," असे पुष्कळ जणी म्हणतात. वय वाढते तसे स्नायू मुळातच कमी होत जातात. त्यात बसून राहिले की ते आणखी झिजतात आणि सगळा भार त्याच दुखऱ्या गुडघ्यावर येतो. म्हणजे जपण्याने नुकसानच होते.

उपाय साधा आहे. भिंतीला टेकवलेली मजबूत खुर्ची घ्या, शेजारी टेबल असू द्या. उभे राहा आणि पाच अंक मोजेपर्यंत सावकाश खाली बसा. धपकन बसू नका, कारण हळू बसण्यातच स्नायूंची खरी कसरत आहे. सुरुवातीला पाच वेळा पुरे. सांधा सुजला असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा तोल जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

अंक मोजायचे काम नातवंडांचे. मराठीत मोजा हं!