नाव मैदानाला, नफा मालकाला

खेळाडूंचे लिलाव सुरू झाल्यापासून भांडवली वृत्तपत्रांनी एक सिद्धांत चलनात आणला आहे. पूर्वी गुणवान खेळाडूला संस्थानिकाच्या मर्जीवर किंवा सरकारी नोकरीवर जगावे लागे. बाजाराने त्याला या परावलंबनातून मुक्त केले आणि त्याच्या गुणांना खरे मोल दिले, असा हा सिद्धांत आहे. तो कितपत टिकतो हे जबलपूरला जन्मलेल्या एका खेळाडूच्या कारकिर्दीवरून तपासून पाहणे उपयुक्त ठरेल.

रूपसिंह यांचा जन्म 8 सप्टेंबर 1908 रोजी जबलपूरला झाला. 1956 पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होते. वडील ब्रिटिश हिंदी लष्करात नोकरीला होते आणि बदल्यांमागून फिरत हे कुटुंब अखेर झाशीला स्थिरावले. थोरले बंधू ध्यानचंद 1922 साली साधे शिपाई म्हणून लष्करात भरती झाले. या घरात हॉकी आली ती छावणीच्या मैदानावरून, आणि टिकली ती पगारी नोकरीच्या आधाराने.

1932 साली जागतिक मंदीच्या ऐन भरात लॉस एंजेलिसला ऑलिंपिक भरले. हॉकीसाठी अवघे तीन संघ आले होते. 11 ऑगस्ट रोजी भारताने यजमान अमेरिकेला 24–1 असे हरविले. त्यांपैकी 10 गोल इनसाइड लेफ्टच्या जागी खेळणाऱ्या रूपसिंहांचे आणि 8 ध्यानचंदांचे होते. जपानविरुद्धचा सामना धरता दोन सामन्यांत रूपसिंहांनी 13 गोल केले. मात्र ज्या साम्राज्याच्या पदरी हे सुवर्णपदक पडले, त्याने संघाच्या प्रवासखर्चाचा भार उचलला नव्हता. वाटेत आणि परतताना युरोपात सामने खेळून खेळाडूंनीच तो खर्च भरून काढण्यास हातभार लावला. पुढे 1936 साली बर्लिनला अंतिम सामन्यात भारताने जर्मनीचा 8–1 असा पराभव केला, त्या संघातही रूपसिंह होते. त्यानंतरची 1940 आणि 1944 ची दोन्ही ऑलिंपिके महायुद्धाने गिळली.

‘हौशी’पणाचा वर्गीय अर्थ

त्या काळी ऑलिंपिकमध्ये खेळाडू ‘हौशी’ असला पाहिजे, खेळाबद्दल त्याने मोबदला घेता कामा नये, असा दंडक होता. हौस कोणाला परवडते? ज्याला पोटासाठी राबावे लागत नाही त्याला. अमेरिकेतील आदिवासी खेळाडू जिम थॉर्प यांनी 1912 साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदके जिंकली. त्यांनी पूर्वी बेसबॉल खेळून किरकोळ मोबदला घेतला होता, एवढ्याच कारणावरून 1913 साली ती काढून घेण्यात आली. रूपसिंहांनी ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानच्या लष्करात चाकरी केली आणि ते कॅप्टन झाले. त्यांना पगार मिळे तो शिपाईगिरीचा. ज्या श्रमाने त्यांचे नाव जगभर झाले त्या श्रमाची गणना श्रमांत होतच नव्हती.

मग बाजाराने तरी तो श्रम ओळखला काय? याचे उत्तर बाजाराच्या माहेरघरातच मिळते. हेच थॉर्प 1920 साली अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. तिलाच पुढे ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. रूपसिंह बर्लिनला खेळत होते त्याच 1936 साली या लीगने ‘ड्राफ्ट’ची पद्धत सुरू केली. महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी मालक आपसात करीत. आपण कोणाकडे राबावे हे ठरविण्याचा अधिकार खेळाडूला नव्हता. मैदानाच्या कडेने धावत जाऊन लांबचा पास झेलणाऱ्या ‘वाइड रिसीव्हर’साठी लाखो प्रेक्षक टाळ्या वाजवीत, पण करार संपल्यावरही दुसरा मालक शोधण्याची मोकळीक त्याला जवळजवळ नव्हती. 1956 साली या खेळाडूंनी आपली युनियन स्थापन केली. 1982 साली त्यांनी 57 दिवस संप केला. 1987 साली ते पुन्हा संपावर गेले, तेव्हा मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून संप फोडला. गिरणी कामगारांना हे डावपेच नवे वाटणार नाहीत! करार संपल्यावर मालक बदलण्याचा खराखुरा हक्क पदरात पडला तो 1993 साली, संपाच्या आणि न्यायालयीन लढ्यांच्या जोरावर. बाजाराने तो आपणहून दिला नाही.

लीग बंद, पदक चालू

आपल्याकडे 2013 साली लिलावासह ‘हॉकी इंडिया लीग’ सुरू झाली. तिच्या मोबदल्याने काही खेळाडूंचे संसार सावरले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु 2017 नंतर ती बंद पडली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. भारताने 41 वर्षांनी 2021 साली टोकियोत पदक मिळविले आणि 2024 साली पॅरिसला ते पुन्हा मिळविले. ही दोन्ही पदके लीग बंद असतानाच्या काळातील आहेत. त्या काळात हॉकीला आधार होता रेल्वे, लष्कर, पोलीस आणि सार्वजनिक उद्योगांतील नोकऱ्यांचा, तसेच ओडिशा सरकारच्या पैशाचा.

हाच आधार आज मोडला जात आहे. 1904 पासूनची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा आयुध कारखाना आणि व्हेइकल फॅक्टरी यांवर जबलपूरचे कामगार जीवन उभे राहिले. 30 जून 2021 रोजी अध्यादेश काढून संरक्षण उत्पादनातील संपावर बंदी घालण्यात आली आणि 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातील आयुध कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली. 2022 च्या ‘अग्निपथ’ योजनेने जवानाची नोकरी चार वर्षांवर आणली. त्यानंतर चारांतील तिघांना पेन्शनशिवाय घरी जावे लागणार आहे. ध्यानचंद ज्या शिपाईगिरीच्या बळावर घडले, ती आज चार वर्षांत संपते. तेवढ्या अवधीत खेळाडू घडतो काय?

रूपसिंहांचे 1977 साली ग्वाल्हेरला निधन झाले. तेथील त्यांच्या नावाचे हॉकी मैदान पुढे क्रिकेटकडे गेले. 1988 पासून तेथे आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने झाले आणि 2010 साली सचिन तेंडुलकरचे द्विशतकही तेथेच झाले. 2024 साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट ग्वाल्हेरला परतले ते नव्या स्टेडियमवर, आणि त्याला नाव मिळाले ‘श्रीमंत’ माधवराव सिंदिया यांचे. हॉकीपटूच्या नावावर क्रिकेट उभे राहिले, आणि क्रिकेटला नवे घर मिळताच पाटी राजघराण्याची लागली. नावाच्या पाट्यांनी खेळाडूचा गौरव होतो असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

खेळाडू हा कामगार आहे. त्याच्या मागण्याही कामगाराच्याच असल्या पाहिजेत. राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यास कायम नोकरी व पेन्शन, दुखापतीत पूर्ण उपचार, खेळाडूंच्या युनियनला मान्यता आणि कारखान्यांच्या व रेल्वेच्या वसाहतींतील मैदाने कामगारांच्या मुलामुलींना खुली! आयुध कारखाने सार्वजनिक ठेवण्याच्या लढ्यापासून या मागण्या वेगळ्या काढता येणार नाहीत. पक्षाच्या युवक आणि कामगार आघाड्यांनी त्या एकत्रच हाती घेतल्या पाहिजेत.