चित्ररथाची सहाण

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावच्या शोभायात्रेतून जाणारे चित्ररथ पाहून प्रसन्न अंतःकरणाने घरी परतलेल्या प्रेक्षकाने दुसऱ्या दिवशी त्या चित्ररथांचे काय झाले अशी चौकशी केली, तर बहुधा त्याच्या पदरी क्लेशच येतील. भाड्याचा ट्रक मालकाकडे परत गेलेला असतो, प्लायवूडचा गड आणि पुठ्ठ्याची तटबंदी मोडून कचऱ्याच्या गाडीत पडलेली असते, आणि ज्या कारागिराने रात्री जागवून हे सारे उभे केले तो पुढच्या ठेक्याच्या मागे लागलेला असतो. पुढच्या वर्षी पुन्हा वर्गणी, पुन्हा ठेका, पुन्हा प्लायवूड. एवढी हौस आणि एवढा द्रव्यव्यय यांतून वस्तीच्या मालकीचे असे काहीच मागे उरत नाही.

आपल्या परंपरेत हे असे नव्हते. रत्नागिरीकडील गावांत शिमग्याला ग्रामदेवतेची रूपे पेटाऱ्यातून काढून उजळतात, पालखीत बसवून भरजरी वस्त्राने घट्ट आवळतात, आणि मग ढोल वाजू लागला की पालखी नाचवणारे गडी दांड्याखाली खांदा देऊन गुडघ्यांत लवतात. पालखी एका अंगाला इतकी कलते की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा, आणि पुढच्याच ठोक्याला ती सावरून दुसऱ्या अंगाला झुकते. आज ज्याच्या खांद्यावर दांडा आहे त्याच्या बापाच्या खांद्यावरही तो होता, आणि बाजूला उभे राहून पाहणाऱ्या पोराचे पाय आतापासूनच त्या ठेक्यावर पडत असतात. ही पालखी घरोघर हिंडते, परंतु तिची बसण्याची जागा मात्र ठरलेली असते. ती जागा म्हणजे सहाण. सहाण गावकीची असते, तिच्यावर कोणा एकाची मालकी नसते, आणि तिथले मानपान व वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते.

ह्याच गावांतून माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत आली, माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात आली, आणि चाळीतल्या गावकीच्या खोलीत दहा-पंधरा जणांनी पथाऱ्या पसरतानाही मृदंग आणि पायांतले चाळ त्यांनी खुंटीला टांगून ठेवले. गणपतीत त्या चाळींच्या अंगणात जाखडीचा फेर धरला जाई. मध्ये गाणारे आणि वाजवणारे बसत, भोवती नाचणाऱ्यांचे पाय एकाच वेळी जमिनीवर पडत. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, चाळी पडून टॉवर उठले, आणि खोलीबरोबर ती खुंटीही गेली. आज टॉवरच्या क्लब हाउसमध्ये गणपती येतो, तो बहुधा भाड्याने आणलेल्या ताशा पथकासह येतो. त्या पथकातल्या मुलामुलींच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण वस्तीची माणसे मात्र मोबाइल उंचावून नुसती पाहत उभी राहतात, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

या ठिकाणी क्योटो नगरीचा दाखला द्यावासा वाटतो. तेथील यासाका देवस्थानाचा गिओन उत्सव जुलै महिनाभर चालतो आणि त्याचा उगम इ. स. 869 मधील रोगराईच्या निवारणार्थ केलेल्या अनुष्ठानात सांगितला जातो. माटुंगेकराला याचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही, कारण 1896 च्या प्लेगने हवालदिल झालेल्या मुंबईत 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि आपण माटुंग्यात ज्या रुंद, वृक्षाच्छादित रस्त्यांवरून मिरवणुका काढतो ते रस्ते त्या ट्रस्टच्याच आखणीतले आहेत. क्योटोच्या मिरवणुकीतील मोठे रथ सुमारे 25 मीटर उंच आणि 12 टनांपर्यंत वजनाचे असतात. त्यांचा लाकडी सांगाडा खिळ्यांनी ठोकत नाहीत, तो पेंढ्याच्या दोरांनी बांधतात. चाके वळणारी नसल्यामुळे चौकात आल्यावर चाकांखाली चिरलेले बांबू अंथरून त्यांवर पाणी शिंपडतात, आणि एका इशाऱ्यासरशी दोर ओढून अख्खा रथ बाजूला सरकवतात. वर बसलेल्यांची बासरी, ढोल आणि घंटा त्या क्षणीही थांबत नाहीत. कित्येक रथांवर सतराव्या-अठराव्या शतकांत हिंदुस्थानात विणलेले गालिचे लटकतात, आणि त्यांतील काही आपल्या दख्खनचे असावेत असे जाणकार मानतात. पण मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. मिरवणूक संपताच हे रथही मोडले जातात. परंतु त्यांचा प्रत्येक वासा आणि प्रत्येक वस्त्र त्या त्या आळीच्या कोठारात जाते, कारण रथ आळीचा असतो आणि त्याच्या रक्षणासाठी आळीने मंडळ नेमलेले असते.

तेथेही सारे सुखासुखी चाललेले नाही. रहदारीच्या सोयीसाठी 1966 मध्ये दोन मिरवणुकांची एक करण्यात आली आणि त्या पुन्हा वेगळ्या व्हायला 2014 साल उजाडावे लागले. 1864 च्या आगीत भस्मसात झालेला नौकारथही 2014 मध्येच पुन्हा रस्त्यावर आला. 1826 मध्ये वादळपावसात मोडलेला ताकायामा नावाचा रथ तर 196 वर्षांनी, 2022 मध्ये परतला. आणि मधल्या काळात रथ नसतानाही त्या आळीने त्यावरील मूर्ती सांभाळल्या. वाहतूक पोलिसांचा परवाना, जागेची टंचाई, तरुणांची वाण या आपल्या सबबी त्यांनाही चुकलेल्या नाहीत.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. 2025 मध्ये राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा जाहीर केला. त्याबरोबर येणाऱ्या निधीतील काही भाग रोषणाई व जाहिरात यांवर न घालवता प्रत्येक विभागात एकेक सहाण बांधण्यासाठी राखून ठेवावा: चित्ररथाचा पक्का, पुन्हा पुन्हा जोडता येणारा सांगाडा ठेवण्यापुरते कोठार, आणि त्यालगत लेझीम, जाखडी, दांडपट्टा शिकवता येईल एवढे अंगण. जागा नाही म्हणणाऱ्यांनी माटुंग्यातील किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखाली एकदा फिरून यावे. अतिक्रमणाच्या तोंडी जाऊ पाहणाऱ्या त्या पट्ट्यात आज नागरिकांच्या चिकाटीमुळे उद्यान उभे आहे. माटुंगा ज्यात येतो त्या महापालिकेच्या एफ उत्तर विभागाच्या दप्तरी अशी आणखी एखादी जमीन निघणार नाही, हे मला पटत नाही.

आणि माटुंग्याचा रथ एकट्या मराठी माणसाचा असू नये. 1955 पासून किंग्ज सर्कलला गणपती बसवणारे गौड सारस्वत, आस्तिक समाजाच्या देवळात जाणारे तमिळ आणि मल्याळी, कच्छी व्यापारी, स्टेशनाबाहेर मोगऱ्याचे गजरे ओवणाऱ्या फुलवाल्या, या साऱ्यांचा हात त्याला लागला पाहिजे. केळीचे खांब कसे बांधावेत आणि फुलांचा पडदा कसा ओवावा, हे ज्ञान शिकवायला बाहेरून कोणी आणण्याची गरज नाही; ते याच गल्ल्यांत आहे. गावकीच्या मंडळांनी ज्येष्ठ नाचणाऱ्यांची यादी करावी, शाळांनी शनिवारची एक तासिका त्यांना द्यावी, आणि गणेशोत्सव मंडळांनी पुढच्या वर्षी ठेकेदाराला पैसे मोजण्याआधी जागेसाठीचा संयुक्त अर्ज विभाग कार्यालयात दाखल करावा.