गरोदर मजुरीण आणि फुकटचा उपदेश

“जुन्या बायका भांगलतां भांगलतां बांधावर बाळंत होत आणि मुलें कशीं दणकट निपजत!” असें खुर्चीवर रेलून बोलणारे शहाणे पुष्कळ भेटतात. जीं निपजलींच नाहींत तीं मोजलीं कोणीं?

हल्लीं या बोलण्यास शास्त्राचा टेकू देतात. गरोदर बाईनें आठवड्यास 150 मिनिटें मध्यम व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2020 सालीं सांगितलें. त्याच्याशीं आमचा तंटा नाहीं. पोटभर जेवणाऱ्या निरोगी बाईस चालणेंफिरणें हिताचेंच आहे. पण तोच सल्ला ऊसतोडणीच्या बाईस ऐकविणें म्हणजे उपाशी माणसास एकादशीचें माहात्म्य सांगणें होय!

पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील 797 गरोदर स्त्रियांच्या कामाची मोजदाद करून तिचा निष्कर्ष 2003 सालीं प्रसिद्ध झाला. आरंभीच्या व मधल्या महिन्यांत ज्यांचे कष्ट अधिक, त्यांचीं मुलें वजनानें कमी. डोक्याचा व दंडाचा घेरही कमी. शेवटच्या महिन्यांची गोष्ट तर फार जुनी आहे. पॅरिसच्या डॉ. पिनार यांनीं 1895 सालींच दाखविलें कीं, प्रसूतीपूर्वीं आश्रयगृहांत विसावा मिळालेल्या गरीब बायकांचीं मुलें, अखेरपर्यंत राबलेल्या बायकांच्या मुलांहून सरासरी पाव किलोहून अधिक भरलीं. यांत नवल तें काय? मुलाचें वजन झपाट्यानें वाढतें तें शेवटच्या तीन महिन्यांत. त्याच वेळीं आईच्या अर्ध्या भाकरीवर कोयता, मोळी आणि मूल असे तिघे हक्क सांगूं लागले, तर ज्याला बोलतां येत नाहीं त्याचाच वांटा कापला जावयाचा. अडीच किलोच्या आंत जन्मलेलें मूल पहिल्या महिन्यांतच दगावण्याचा धोका अधिक, हें आतां कोणत्याही दवाखान्यांत सांगतील.

विसाव्याची मागणीही आजची नव्हे. मुंबईच्या कौन्सिलांत आसवले यांनीं आणलेल्या प्रसूतिविषयक बिलास 1928 सालीं डॉ. आंबेडकरांनीं पाठिंबा दिला, आणि प्रसूतीपूर्वीं आईस विसावा मिळणें राष्ट्राच्या हिताचें आहे असें सांगितलें. 1929 सालीं कायदा झाला, 1961 सालीं देशभराचा झाला, 2017 सालीं रजा 26 आठवड्यांची झाली. नोकरदार बाईस तिचा लाभ झाला, तें उत्तमच. पण बीडकडून उचल घेऊन निघालेली बाई कोणाची नोकर? कारखाना म्हणतो मुकादमाची. मुकादम म्हणतो, नवराबायको मिळून एक कोयता, बाईचा हिशेब निराळा कसला? आठव्या महिन्यांत ती एक दिवस कोपींत निजून राहिली, तर मात्र खाडा तिच्याच नांवावर पडतो!

आणि हे कारखाने चालविणारे कोणी परके नाहींत. अध्यक्षांच्या व संचालकांच्या याद्या काढून पाहा. बहुतेक आमच्याच बहुजनसमाजाचीं नांवें आहेत. परक्याच्या जुलुमावर लिहावयास आमची लेखणी धांवते, मग येथें कां अडखळावी? शेवटच्या तीन महिन्यांत बाईचा खाडा माफ, मोळी वाहणें बंद व निम्मी तरी मजुरी चालू, एवढें एक कलम येत्या हंगामाच्या करारांत घालावयास फार मोठें भांडवल लागत नाहीं. तें पहिल्यानें कोणता कारखाना घालतो, हें आम्हांस पाहावयाचें आहे.