श्यामची मोळी

'श्यामची आई' म्हणजे डोळे ओले करणारे पुस्तक, असा समज आपल्या घरांतून रूढ झाला आहे. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या बोलपटाने तो अधिकच दृढ केला. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ पासून १३ तारखेपर्यंत, नाशिकच्या तुरुंगात लिहिले. सरकारला न भिणाऱ्या कैद्याने लिहिलेले पुस्तक नुसते रडके कसे असेल?

पोहण्याला भिऊन दडून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडते, ते प्रकरण सर्वांना आठवते. लहानपणी माझाही तोच आवडता भाग होता. परंतु खरे धैर्य दुसऱ्या एका प्रकरणात आहे, असे मला आता वाटते. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, आणि शिवाशिवीच्या भयाने ती कोणी उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, मग येऊन आंघोळ कर. श्याम जातो आणि गावचे बोलणे खातो. विहिरीत उडी घेतली तर चार लोक शाबासकी देतात; इथे तेच चार लोक नावे ठेवतात.

आंघोळीचे ते वाक्य आज खटकते, आणि खटकलेच पाहिजे. पण गुरुजींनी ते झाकले नाही, आणि स्वतः तिथे थांबलेही नाहीत. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले.

आपल्या बडोद्याला हे प्रकरण विशेष झोंबावे. सयाजीरावमहाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली इथे नोकरीस आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. पारशी उतारशाळेत जात लपवून राहिले, तर तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे एक म्हणाला. दुसऱ्याला आधी पत्नीचे मत घ्यावयाचे होते. उरलेला दिवस कमाटीबागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. त्या मित्रांच्या मनात दुष्टावा नव्हता. भीती होती, आणि तीही नोकरांची!

आजही खोली भाड्याने देताना आडनाव आधी विचारणारी घरे आहेत. 'आमचे काही नाही हो, पण शेजाऱ्यांना चालणार नाही,' हे त्यांचे ठरलेले उत्तर.

नातवंडांना घेऊन कमाटीबागेत जाणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मोळीचे ते प्रकरण एकदा तिथल्याच एखाद्या झाडाखाली बसून मोठ्याने वाचावे, आणि आंघोळ कशासाठी, असे पोराने विचारले तर उत्तर टाळू नये.