जुगाड म्हणजे दुरुस्ती नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय: कूलर.

विदर्भाबाहेरच्यांसाठी आधी खुलासा. वडनेर हे माझं गाव, हिंगणघाट तालुक्यात, नागपूर-हैदराबाद हायवेवर (जुना ७ नंबर, आताचा ४४). मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो. नवतपात कूलर ही चैन नसते राव, तो घरातला कर्ता पुरुष असतो! आणि फायबरच्या कूलरची टाकी तडकली की ठरलेला इलाज एकच. भेगेवर एम-सील थापायचं आणि वरून रंगाचा हात मारायचा. "भाऊ, काम चालते नं?"

चालते ना... थोडे दिवस. मग कडेने पाणी झिरपतं, रंगाचे पोपडे निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात "रिपेअरिंगमध्ये काही दम नाही" म्हणत आपण नवा कूलर आणतो.

एम-सील वाईट नाही, पाइपाच्या जोडाला उत्तमच आहे. पण फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची चटई, पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून घट्ट केलेली. (साध्या प्लास्टिकच्या कूलरला हे लागू नाही.) भेग पडते तेव्हा ती चटई तुटलेली असते. वरून लुकण लावून तंतू कसे जुळणार?

नीट दुरुस्ती अशी असते. टाकी रिकामी करून कडकडीत वाळवायची, आतला क्षाराचा थर खरवडायचा. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने लांबवर उतरत्या घासायच्या (तोंडाला मास्क लावून, काचेची धूळ असते ती). मग चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून थरावर थर द्यायचे, हवेचे बुडबुडे दाबून काढायचे. हे सकाळीच, कारण भर उन्हात रेझिन भांड्यातच घट्ट होतं. मग १२०, २२०, ४०० अशी घसाई आणि शेवटी रंग. रंग जुळवायच्या आधी जुना भाग थोडा पॉलिश करून बघायचा, कारण उन्हाने विटलेल्या थराखाली मूळ रंग वेगळाच निघतो.

आता तुम्ही म्हणाल, टाकीला एवढा नखरा कशाला? इथेच माझं भांडण आहे. हा नखरा नाहीच! उघडं रेझिन उन्हाने पिवळं पडतं, भुरभुरतं. रंग हे त्याचं छत्र आहे. कडा सपाट घासल्या नाहीत तर तिथेच पाणी आणि धूळ अडकते आणि पॅच तिथूनच उचलायला लागतो. खाली ओल राहिली तर वर फोड येतात. म्हणजे पॅच दोन वर्षांनीही चांगला दिसत असेल, तर त्याचं कारण आत केलेलं काम असतं. पहिल्या दिवशीची चमक कुणीही आणतो.

समुद्राच्या लाटांवर चालवायचे सर्फबोर्डही बरेचसे असेच बनतात, आत फोम आणि वर काचेचं कापड नि रेझिन. कर्नाटकात मुळकीला सर्फिंग शिकवतात. या खेळातला साधा नियम म्हणजे भोक पडलेला बोर्ड पाण्यात न्यायचा नाही, आणि फोम पूर्ण वाळल्याशिवाय ते बुजवायचं नाही. आत पाणी कोंडलं तर बोर्ड जड होतो, पिवळा पडतो आणि पॅच सुटतो.

मग आपल्याकडे हे का होत नाही? कारागिराला येत नाही म्हणून? अजिबात नाही. आपण पैसे देत नाही म्हणून! आम्ही आयटीवाले टेस्टिंगचे, रिव्ह्यूचे तास बिलात लावतो. आणि दोन तास पेपर घासणाऱ्या पोराला म्हणतो, "बस झालं बे, किती घेशील?" वर जुगाडाचं कौतुक करायलाही आम्हीच पुढे. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, चांगलंच केलं. मॅन्युअल आणि सुटे भाग मिळायलाच हवेत. पण घसाईची मजुरी कुठलं पोर्टल देणार? ती आपल्याच खिशातून जायला हवी.

तेव्हा पुढच्या वेळी "किती घेणार?"च्या आधी "कसं करणार?" हे विचारा. तो "आधी दोन दिवस वाळवू द्या" म्हणाला, तर घासाघीस करू नका. घासायचं काम त्याला करू द्या.