ज्वारीचा पिझ्झा आणि दुहेरी पथ्य

वर्धा शहराला खेटून असलेल्या पिपरी मेघेतही पिझ्झा आता नवलाचा राहिलेला नाही. वाढदिवस असो वा परीक्षेचा निकाल, मुलांची पहिली मागणी तीच असते. कांदा, लसूण आणि बटाटा वगळून ‘जैन पिझ्झा’ करून देणाऱ्यांचीही आज वाण नाही. परंतु घरातील एखाद्या मुलाला सिलिअ‍ॅक आजाराचे निदान होते, आणि ज्या एका जिन्नसाकडे आजवर कोणी पाहिलेही नव्हते तो मैदाच वर्ज्य ठरतो. कांदा काढला तरी पिझ्झा उरतो. मैदा काढल्यावर काय उरते, हा प्रश्न त्या दिवसापासून त्या घरातील आईच्या पुढ्यात येऊन बसतो.

सिलिअ‍ॅक म्हणजे नुसता पोटाचा नाजूकपणा नव्हे, आणि गव्हाची अ‍ॅलर्जीही नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. मुलाची उंची खुंटते, जुलाब हटत नाहीत, पोट फुगलेले राहते. मोठ्या माणसांत पुष्कळदा यांपैकी काहीच दिसत नाही. दिसतो तो केवळ गोळ्या घेऊनही न भरून येणारा पंडुरोग, वारंवार येणारे तोंड किंवा ठिसूळ होत गेलेली हाडे. औषध असे नाही. जन्मभर ग्लुटेन टाळणे हाच उपचार, आणि तो नीट पाळला तर आतडे बहुधा भरून येते.

या आजाराचे मूळ गव्हात आहे हे उमगायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना महायुद्धाच्या आधीपासून गव्हाचा संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशावर उपासमारीची पाळी आली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा इतर मुले सुकत असताना सिलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारू लागली. पाव परतला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी आपला प्रबंध मांडला आणि तोवर केळी-भातावर जगविल्या जाणाऱ्या मुलांच्या आहाराला शास्त्राचा आधार मिळाला.

आपल्याकडे उत्तर भारतातील पाहण्यांत साधारणतः शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. दक्षिणेत तो पुष्कळच कमी दिसतो. ज्या घरांची मुळे राजस्थानात आहेत आणि जी काही पिढ्यांपूर्वी व्यापारासाठी विदर्भात येऊन स्थायिक झाली, त्यांनी तो परका समजू नये. एका व्यक्तीला निदान झाले तर आई-वडील व सख्खी भावंडे यांचीही तपासणी करावी, कारण त्यांच्यात शेकडा सात-आठ जणांना तो असू शकतो. मात्र एक पथ्य फार महत्त्वाचे: तपासणीपूर्वी गहू सोडू नये. रक्तातील प्रतिपिंडे आणि दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा तुकडा, या दोहोंवर निदान ठरते. गहू आधीच बंद केला तर दोन्ही चाचण्या फसतात. सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये जवळ असल्याने पिपरी मेघेच्या रहिवाशांना तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी नागपूर गाठावेच लागते असे नाही. वजन उतरविण्याच्या हौसेने ग्लुटेन सोडणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यामुळे खऱ्या रुग्णाचे पथ्यही लोकांना फॅशन वाटू लागले आहे, एवढाच त्यांचा या विषयाशी संबंध.

निदानानंतर बाजारात शोध सुरू होतो, आणि तेथे जैन घराला दुहेरी पथ्याची गाठ पडते. ग्लुटेनमुक्त म्हणून मिळणारे तयार पिझ्झा बेस हाती घेऊन वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. मैद्याची चिकट लवचिकता भरून काढण्यासाठी त्यांत बटाट्याचा स्टार्च असतो, टॅपिओका म्हणजे साबुदाणा ज्यापासून होतो त्या कंदाचा स्टार्च असतो, कित्येकदा अंड्याचा पांढरा बलकही असतो. यीस्ट तर बहुधा असतेच. जे ग्लुटेनमुक्त ते कंदमुळाचे, आणि जे कंदमुळाविना ते मैद्याचे! पाकिटातल्या किसलेल्या चीजमध्येही तुकडे मोकळे राहावेत म्हणून कधी बटाट्याचा स्टार्च घातलेला असतो. त्यापेक्षा अखंड वडी आणून घरी किसणे बरे. हिरवा ठिपका पाहून घेणे तर आहेच. घरी मूगडाळीच्या पिठाचा बेस करावा म्हटले, तर द्विदलाचा नियम पाळणाऱ्या घरांत त्या पिठात कच्चे दही घालता येत नाही.

सर्वांत आतला शत्रू मसाल्याच्या डब्यात असतो. कांदा-लसूण नसलेल्या स्वयंपाकात हिंगाला मोठा मान. वरण, भाजी, पापड, टोमॅटोचा सॉस, सर्वत्र त्याची चिमूट पडते. पण बाजारातील बांधानी हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. मूळ डिंक फार उग्र असल्याने तो गोंद आणि पिठात मिसळून विकला जातो, आणि ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचे असते. मुलाची पोळी बंद केली, बिस्किटे बंद केली, तरी रक्ताचा अहवाल सुधारत नाही, अशा वेळी या डबीकडे पाहावे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. किराणा दुकानाचे मालक असलेल्या वाचकांनी तो आपल्या फळीवर ठेवण्यास हरकत नाही. जव घातलेला सत्तू, माल्टयुक्त दुधाची पूड, सोया सॉस, शेवया आणि रवा हेही याच यादीतले. कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात म्हणून काही जण तोही टाळतात. त्या नावात गहू असला तरी त्या दाण्यात नाही.

‘एवढ्याशाने काय होते?’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाने आजी-आजोबांकडून ऐकलेले असते. त्याचे उत्तर हिशेबाच्या भाषेत देता येते, आणि ती भाषा या नियतकालिकाच्या वाचकांना चांगली समजते. एका मध्यम पोळीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. इटलीतील डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात रुग्णांना रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा हिस्सा. अन्नसुरक्षेच्या भारतीय नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायचे असेल, तर एका किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

हा आकडा ध्यानात ठेवून गावातील पिठाच्या गिरणीकडे पाहावे. ज्वारीत ग्लुटेन मुळीच नाही. पण ज्वारीच्या आधी त्याच दगडांतून कुणाचा गहू उतरलेला असतो. दगडांच्या खाचांत आणि पीठ उतरणाऱ्या कापडी नळीत राहिलेली कणीक पुढच्या दळणात येते. किलोभर ज्वारीच्या पिठात अवघी पाच ग्रॅम कणीक मिसळली, तरी ग्लुटेन सुमारे पाचशे मिलिग्रॅम झाले. मर्यादेच्या पंचवीस पट. रोज प्रामाणिकपणे भाकर खाणारे मूलही अशाने आजारी राहते आणि दोष मात्र भाकरीवर जातो. उपाय एकच, घरघंटी. आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधीही न घालणे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि येथील मगनवाडीतून हातदळणाच्या पिठाचा पुरस्कार झाला. त्यामागे पोषणाचा आणि गावाच्या रोजगाराचा विचार होता. सिलिअ‍ॅकचे नाव तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. तरी घरचे जाते म्हणजे आपल्या पिठावर आपला ताबा, ही गोष्ट या रुग्णांना आज शब्दशः लागू पडते.

पिझ्झाच्या दुकानाची अडचणही तीच. हवेत मैदा उडत असतो, ओटा तोच, कापण्याचे चाक तेच, भट्टीची जाळी तीच. अमेरिकेत डॉमिनोजने २०१२ मध्ये ग्लुटेनमुक्त बेस विक्रीस आणला. परंतु त्याच स्वयंपाकघरात मैदा हाताळला जात असल्याने सिलिअ‍ॅकच्या रुग्णांनी तो घेऊ नये, असे कंपनीनेच सांगितले. तो इशारा प्रामाणिक म्हटला पाहिजे. याउलट पिझ्झाचे माहेर असलेल्या इटलीत २००५ च्या कायद्याने हा आजार सामाजिक प्रश्न मानला. शाळा व रुग्णालयांच्या भोजनगृहांत मागणीनुसार ग्लुटेनमुक्त जेवण देणे बंधनकारक झाले, आणि अशा पदार्थांसाठी शासन रुग्णांना दरमहा ठरावीक रक्कम देते. पिपरी मेघेच्या एखाद्या उपाहारगृहाकडून इटलीची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. ‘आमच्याकडे ग्लुटेनमुक्त होते’ असे कोणी म्हटलेच, तर कोणते पीठ याऐवजी कोणता ओटा, कोणती भट्टी, असे विचारावे. पंगतीत ‘यात बटाटा आहे का’ हे विचारण्याचा संकोच ज्यांना कधी वाटला नाही, त्यांना हा प्रश्न जड जाऊ नये.

जड जाते ते वेगळेच. मुलीच्या विवाहात विघ्न येईल या भीतीने काही घरांत हे निदान झाकून ठेवले जाते. मग सासरी पहिल्या दिवशी मानाचा फुलका ताटात पडतो, नववधू तो नाकारू शकत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, आणि सहा महिन्यांत तिचे रक्त उतरते. पुढे गर्भधारणेतही अडथळे येऊ शकतात. पथ्य पाळणारी सिलिअ‍ॅकची मुलगी इतर कोणत्याही मुलीइतकी निरोगी राहू शकते. लपवून गहू खाणारी राहू शकत नाही. बोलणी चालू असतानाच हे स्पष्ट सांगणे दोन्ही घरांच्या हिताचे. ज्या समाजात चौविहार आणि कंदमूळत्याग यांचा पाहुण्याच्या घरीही आदर होतो, तेथे आणखी एका पथ्यासाठी ताटात जागा निघू नये, याला कारण नाही. धान्य व्यापाऱ्यांसाठीही येथे एक काम आहे: गव्हाच्या पोत्यातील माप ज्वारीच्या पोत्यात घालू नये.

आता पिझ्झा. विदर्भाच्या ताटातली जुनी ज्वारीच येथे कामास येते, आणि मैद्याच्या चिकटपणाची उणीव इसबगोलाची भुसी भरून काढते. बद्धकोष्ठावरचे औषध म्हणून ती घरोघरी असते. साधी, विनास्वादाची घ्यावी. ती ना कंद ना मूळ, एका लहानशा झुडपाच्या बियांचे साल. तीन मोठे चमचे भुसी दीड वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजविली की तिचा घट्ट लगदा होतो. दोन वाट्या ज्वारीच्या पिठापैकी निम्म्याची मीठ-तेल घालून उकड काढावी. ती कोमट असताना उरलेले पीठ, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, हा लगदा, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस घालून सात-आठ मिनिटे चांगले मळावे. पीठ कोरडे वाटल्यास गरम पाण्याचा हात लावावा. अर्धा तास झाकून ठेवल्यावर तेल लावलेल्या कागदावर पाव इंचाहून थोडा पातळ थापावा. येथे घाई करणाऱ्याचा पिझ्झा मधोमध कच्चा राहतो: बेस आधी एकटाच तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजावा, मगच त्यावर सॉस पसरावा. सॉस टोमॅटोचा, तूप, मिरे, वाळलेली तुळस आणि खात्रीचा हिंग. वर सिमला मिरची, मक्याचे दाणे, चीज, पुन्हा झाकण. तवा आणि लाटणे पोळीचे नसावे, वेगळे असावे. लाकडाच्या भेगांत कणीक राहते.

मैद्यासारखा तो ताणला जात नाही, हे आधीच मान्य करावे. त्याची चव खमंग, थोडी भाकरीच्या पापुद्र्याची आठवण देणारी असते. आणि भाकरीप्रमाणेच तो गरम असताना खावा लागतो. गार झाला की कडक होतो. म्हणून खोक्यात घालून दूरवरून मागविलेला ज्वारीचा पिझ्झा निराशाच करतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात पाच वाजता तव्यावरून थेट ताटात आलेला पिझ्झा दुकानाच्या वेळेची वाट पाहत नाही, ही त्याची आणखी एक सोय.

पुस्तकांतून असे बेस करून शीतपेटीत महिनाभर ठेवण्याचा सल्ला दिलेला असतो. बासी अन्न न खाणाऱ्या घरांना तो उपयोगाचा नाही. त्यांनी तेच पीठ, सोडा-लिंबू वगळून, खाकऱ्याइतके पातळ लाटावे आणि कापडाच्या बोळ्याने दाबून, ओलावा अजिबात न राहील असे मंद आचेवर कुरकुरीत भाजावे. घट्ट झाकणाच्या डब्यात ते काही दिवस टिकते. शाळेच्या सहलीला किंवा मित्राच्या वाढदिवसाला निघताना मुलाच्या पिशवीत असे चार खाकरे, लहान डबीत सॉस आणि चीजची वडी दिली, की इतरांचा पिझ्झा खोक्यातून निघेपर्यंत त्याचा तयार झालेला असतो.