उन्हाळ्याची उमेदवारी

एप्रिल सरत येतो, महाविद्यालयांच्या परीक्षा संपतात आणि घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो: पुढचे दीड-दोन महिने करायचे काय? पूर्वी याची उत्तरे ठरलेली असत. आजोळ, लग्नसराई, गच्चीवरची वाळवणे आणि व्यापारी घरातील मुलगा असेल तर दुकानाचा गल्ला. आता या उत्तरांत 'इंटर्नशिप' या शब्दाची भर पडली आहे.

शब्द नवा असला तरी गोष्ट जुनी आहे. मराठीत तिला 'उमेदवारी' म्हणत. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सराफाच्या पेढीवर नवा मुलगा प्रथम उमेदवार म्हणून बसे. त्याच्या हाती लगेच तराजू येत नसे. बैठक झटकावी, जुन्या वह्या लावून ठेवाव्यात, गिऱ्हाईक बोलत असता गप्प राहून ऐकावे, असा त्याचा दिनक्रम असे. त्यातूनच मालाची पारख येई आणि माणसाचीही येई. उमेदवारीचा काळ वाया गेला असे कोणी म्हणत नसे. घाईने गल्ल्यावर बसलेल्याविषयी मात्र वडीलधारी मंडळी काळजी करीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या उमेदवारीला अभ्यासक्रमात स्थान दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवीच्या विद्यार्थ्याला दोन ते चार श्रेयांक प्रत्यक्ष कामातून मिळवता येतात आणि एका श्रेयांकासाठी साधारण तीस तास काम अपेक्षित असते. म्हणजे साठ ते एकशेवीस तास. कारखाने, बँका व संगणक कंपन्या यांच्या जोडीने सेवाभावी संस्थांची दारेही आता विद्यार्थी ठोठावू लागले आहेत. रुग्णालये, दिव्यांगांची केंद्रे, वृद्धाश्रम, आदिवासी भागातील शाळा, गोशाळा अशा ठिकाणी मे महिन्यात तरुण चेहरे दिसतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र एकशेवीस तास भरणे आणि एकशेवीस तास उपयोगी पडणे यांत अंतर आहे आणि त्या अंतराचा विचार घरातच, विद्यार्थी निघण्यापूर्वी, व्हायला हवा.

या व्यवहाराचा जमाखर्च व्यापारी घरातील वाचकांना चटकन उमगेल. नवा विद्यार्थी संस्थेत आला की पहिले काही दिवस संस्थेचा खर्चच होतो. बेताच्या मानधनावर काम करणारा कार्यकर्ता आपले काम बाजूला ठेवून त्याला सर्व दाखवितो. निवासाची सोय होते, स्वयंपाकघरात एक ताट वाढते, वस्तीतील माणसांशी ओळख करून दिली जाते. विद्यार्थी हळूहळू तयार होतो आणि नेमके तेव्हाच कोणाला घरचे लग्न आठवते, कोणाला सहलीचे तिकीट मिळते. संस्थेने गुंतविलेला वेळ परत येत नाही. त्या वेळात ज्या रुग्णाकडे किंवा ज्या मुलाकडे लक्ष दिले गेले असते त्याचा तोटा तर कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. विद्यार्थ्याच्या हाती मात्र सेवेचे प्रमाणपत्र असते.

याउलट शिकायला आलेल्यांनी संस्थेला कायमचे काही देऊन गेल्याचे एक उदाहरण जयपूरचे आहे. तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास 'जयपूर फूट' आकाराला आला. शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांचे ते काम. त्यापूर्वीचे परदेशी पद्धतीचे कृत्रिम पाय बूट घालून चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनविलेले होते. शेतात अनवाणी वावरणाऱ्याला, मांडी घालून जेवणाऱ्याला, उकिडवे बसणाऱ्याला त्यांचा उपयोग नव्हता. अनेक रुग्ण तो पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडीच धरीत. मास्टरजी म्हणून ओळखले जाणारे शर्मा फारसे शाळेत गेलेले नव्हते. पण रबर, लाकूड आणि टायरमधील दोऱ्याचे कापड यांतून मातीवर चालू शकेल असे पाऊल त्यांच्या हातांनी घडविले. उच्चविद्याविभूषित शल्यचिकित्सकाने कारागिराचे म्हणणे ऐकले, म्हणून ते घडू शकले.

हा पाय गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचावा म्हणून देवेंद्रराज मेहता या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी १९७५ मध्ये 'भगवान महावीर विकलांग सहायता समिती' स्थापन केली. मेहता स्वतः एका भीषण रस्ते अपघातात पाय गमावता गमावता वाचले होते. भगवान महावीरांच्या अडीच हजाराव्या निर्वाण महोत्सवाचा तो काळ. पुढे या संस्थेने लाखो लोकांना पायावर उभे केले.

तरीही एक अडचण उरली होती. ज्यांचा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला आहे त्यांना पावलाबरोबर गुडघाही हवा असतो. स्वस्त गुडघा साध्या बिजागरीसारखा असे. खाचखळग्यांच्या वाटेवर तो अवचित दुमडे आणि माणूस पडे. चांगले गुडघे होते, पण त्यांची किंमत या रुग्णांच्या आवाक्याबाहेरची होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमातील काम म्हणून हाती घेतला. तेल मुरविलेल्या नायलॉनचे मोजके भाग आणि थोडे स्क्रू यांतून त्यांनी असा गुडघा तयार केला, की जो नैसर्गिक गुडघ्याप्रमाणे एकाहून अधिक अक्षांवर वळतो, उभे असताना स्थिर राहतो आणि साध्या हत्यारांनी जोडता येतो. २००८ पासून जयपूरला तो रुग्णांना बसविला जाऊ लागला आणि २००९ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने वर्षातील पन्नास उत्तम शोधांत त्याची गणना केली.

प्रत्येक विद्यार्थ्याकडून अशा शोधाची अपेक्षा कोणी करणार नाही. या उदाहरणातून घेण्याजोगी गोष्ट साधी आहे. त्या विद्यार्थ्यांनी आपल्याला काय करायला आवडेल यापासून आरंभ केला नाही. संस्थेचे काम कोठे अडते हे त्यांनी जाणून घेतले, तेवढेच काम अंगावर घेतले आणि विद्यार्थी निघून गेल्यानंतरही संस्थेच्या कारागिरांना चालविता येईल असे ते पूर्ण केले. विद्यार्थी गेले, गुडघा राहिला.

काम कोठे अडते हे कळण्यासाठी ऐकावे लागते. महाराष्ट्रात याचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे 'सर्च' संस्था सुरू केली. तेथील आदिवासी बांधवांना मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटे. बंग दांपत्याने त्यांनाच विचारले, की तुमचा दवाखाना कसा असावा? आवार वस्तीसारखे वाटावे, नातलगांना रुग्णाजवळ राहता यावे, असे उत्तर आले. त्याप्रमाणे झोपड्यांच्या धर्तीवर दवाखाना उभा राहिला आणि त्याला लोकांच्या श्रद्धेतील माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. याच संस्थेने २००६ पासून 'निर्माण' या उपक्रमाद्वारे तरुणांना सामाजिक प्रश्नांशी जोडण्याचे काम चालविले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीतही दरवर्षी मे महिन्यात राज्यभरातून तरुण येतात. भर उन्हात कुदळ-फावडे हाती घेतात आणि आपल्या हातांची क्षमता व मर्यादा दोन्ही ओळखून परततात.

जैन परंपरेत आभ्यंतर तपांचा क्रम सांगताना विनय आधी येतो, मग वैयावृत्त्य म्हणजे सेवा आणि त्यानंतर स्वाध्याय. सुट्टीतील उमेदवारीलाही हाच क्रम लागू पडतो. आधी नम्रतेने पाहावे, मग हात लावावा आणि शेवटी जे केले त्याचे मनन करावे. वैयावृत्त्याला पात्र असणारे दहा प्रकार सांगितले आहेत. मूळ संदर्भ साधुसंघाचा आहे. पण त्या दहांत 'शैक्ष' म्हणजे नवशिका आणि 'ग्लान' म्हणजे रुग्ण हे दोघे शेजारी येतात. शिकाऊ विद्यार्थ्याला सांभाळणे हीदेखील सेवाच आहे, हे संस्थांनी ओळखावे. आपण सेवा करण्यास आलो असलो तरी प्रथम सेवा घेत आहोत, हे विद्यार्थ्याने ओळखावे.

प्रत्यक्षात काम कोणते असावे? वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी संस्थेच्या तीन वर्षांच्या पावत्या क्रमवार लावून लेखापरीक्षकाचे काम हलके करू शकते. संगणक शिकणारा मुलगा रुग्णांच्या नोंदी कागदावरून संगणकावर घेऊ शकतो. मात्र जाण्यापूर्वी ते काम तेथील एका कर्मचाऱ्याला नीट शिकवून गेला पाहिजे, अन्यथा जून महिन्यात ती व्यवस्था बंद पडते. मराठीच्या विद्यार्थ्याला औषधाच्या सूचना सोप्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून देता येतील. ही कामे छायाचित्रात उठून दिसत नाहीत. संस्थेला मात्र बहुधा त्यांचीच वाट असते. पहिल्याच दिवशी 'या सहा आठवड्यांत पूर्ण होऊन तुमच्याकडे राहील असे एक काम सांगा' अशी विनंती विद्यार्थ्याने करावी आणि संस्थेने त्याला एक मार्गदर्शक नेमून द्यावा.

काही गोष्टी टाळाव्यात. रुग्णाचे किंवा मुलांचे छायाचित्र त्यांच्या व संस्थेच्या संमतीवाचून काढू नये आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नये. दुसऱ्याचे दुःख ही आपल्या पुण्याची जाहिरात होऊ नये. औषधोपचारासारख्या, ज्याचे शिक्षण घेतलेले नाही अशा कामात हात घालू नये. आणि वसतिगृहातील लहान मुलांना 'पुन्हा येईन' असे वचन सहज देऊ नये. ती मुले दिवस मोजतात.

एक प्रश्न समाजातील धुरीणांसाठी आहे. बहुतेक सेवासंस्था विद्यार्थ्याला विद्यावेतन देऊ शकत नाहीत. ज्याच्या घरी सोय आहे तो दोन महिने विनावेतन काम करू शकतो. ज्याला सुट्टीत कमावून पुढच्या वर्षाचे शुल्क भरायचे आहे, त्याने काय करावे? सेवेची संधी सुखवस्तू घरांपुरती उरली, तर गरिबीचा अनुभव असलेला विद्यार्थी त्या कामातून वगळला जाईल, आणि गरजूचे म्हणणे तर त्यालाच सर्वांत लवकर कळते. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' योजनेतून श्रमाला शिक्षणाचे मोल मिळवून दिले. सर्व जातींच्या मुलांच्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. कष्ट करणाऱ्या मुलाला कमीपणा वाटू नये आणि पैशावाचून त्याची वाट अडू नये, ही त्या दांपत्याची दृष्टी होती.

ती दृष्टी आज सहज अंगीकारता येईल. वाढदिवस, तपाचे पारणे, स्वर्गस्थ आई-वडिलांची पुण्यतिथी अशा निमित्तांनी घराघरांतून दान निघते. त्यातील काही भाग एखाद्या विद्यार्थ्याच्या सहा आठवड्यांच्या प्रवासासाठी, जेवणासाठी व विद्यावेतनासाठी राखून ठेवावा. त्या विद्यार्थ्याचे आडनाव वा जात विचारू नये. संस्थेला एक हात मिळेल, विद्यार्थ्याचे शुल्क भरले जाईल आणि दात्याला आपले दान कामाला लागलेले दिसेल.

जून उजाडतो, पहिला पाऊस पडतो आणि मुलगा किंवा मुलगी पाठीवर पिशवी टाकून घरी येते. चेहरा रापलेला असतो, बोलणे थोडे कमी झालेले असते. घरातील मंडळींनी प्रमाणपत्र जरूर पाहावे, फाइलमध्ये नीट ठेवावे. मग ताट वाढावे आणि जेवताना निवांतपणे विचारावे, 'तू तिथून निघालीस त्या दिवशी तुझे काम कोणाच्या हाती सोपवलेस?' त्या माणसाचे नाव लगेच ओठांवर आले, तर सुट्टी सत्कारणी लागली असे खुशाल समजावे.